माणसोळीला आपला माणूस हाय

उपासनानं एवढंच म्हटलं होतं, "माणसोळीची पडकी देवळं बघून येऊया." दोन माणसं, एक रविवार आणि चार दगड. ह्यात बिघडायसारखं काय हाय, तुमीच सांगा. खरं आमच्या प्रशिकच्या हातात सरळ गोष्ट दिली की तिला पाय फुटत्यात. मग ती पुढं पळती आणि हा तिच्या मागनं "थांब की, थांब की" करत.

आधी भानगड काय होती ती ऐका. बोरगावला बघण्याचा कार्यक्रम झालता. पोहे झाले, चहा झाला, पगार-सुट्टी-घर सगळं विचारून झालं, आणि मंडळी "मग कसं?" म्हणून एकमेकांकडं बघायला लागली तशी पोरगीच, म्हंजे उपासना, बोलली. "मी आनी हे एक दिवस भायेर जाऊन येतो. मग सांगते." निपाणीत बँकेत बसती ती. दिवसभर माणसांना "उद्या या" म्हणून सांगायची सवय. तिचे वडील धर्मराज सर, हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या शाळेत हा चष्मा पुसला गेला की पोरं न सांगता हात पुढं करायची म्हणे. "बरं," सर म्हणाले, "खरं रविवारी दिवस मावळायच्या आत सांगायचं. सोमवारी इचलकरंजीचं पावणं हिला बघायला यायचं हाईत."

झालं. प्रशिकच्या जिवाला इचलकरंजी लागली. पोरगी त्याला एवढी आवडलीती की काय सांगू! बेळगावजवळ मच्छे गावच्या कारखान्यात क्वालिटीला हाय तो. केसाएवढा फरक पडला तरी बोल्ट उचलून फेकणारा माणूस. त्या आठवड्यात त्यानं एकबी बोल्ट रिजेक्ट केला न्हाय. जगातले सगळे बोल्ट त्याला बरोबर दिसायलालते.

मंगळवारी उपासनाचा फोन आला. "तुमाला त्या देवळांची काय माहिती हाय का?"

हितं माणसानं काय म्हणावं? "न्हाय" म्हणावं. दोन अक्षरं. खरं प्रशिकच्या गळ्यात हा शब्दच बसवलेला न्हाय. तो छाती फुगवून म्हणाला, "माहिती? अवो, माणसोळीला आपला माणूस हाय."

पलीकडनं पोरगी "असं व्हय," म्हणाली आणि फोन ठेवला.

माणूस वगैरे कोण न्हवता. आता रविवारपर्यंत एक माणूस पैदा करायला पायजे होता. म्हणून बिचाऱ्यानं सरळ मार्ग धरला. पैसे देऊन एक गाइड ठरवायचा आणि त्याला सांगायचं, बाबा, मला बघितल्या बघितल्या वळख दाखव. डोकं चाललंतं बघा त्याचं. खरं ही गोष्ट त्यानं गॅलरीत उभं राहून फोनवर कुणाला तरी विचारली, आणि शेजारच्या गॅलरीत मारुतीराव दात घासायलालते.

मारुतीरावांनी तोंडातला फेस तसाच ठेवून हात वर केला. चूळ भरेपर्यंतबी दम निघाला न्हाय त्यांना. "गाइड? पैसे देऊन? मी शेजारी जिता असताना? लेका, माझा मेव्हणा रवळू माणसोळीचाच की रं! त्या देवळात ल्हानाचा मोठा झालाय. तू एक रुपाय काढून बघ खिशातनं, मी तुझ्याशी बोलणार न्हाय."

"तसं न्हवं मामा..."

"ठरलं. रविवारी रवळू वेशीत उभा ऱ्हातोय."

ही बातमी कारखान्यात कशी पोचली देव जाणे. दुसऱ्या दिवशी शामू सुपरवायझर मशिनीच्या मागनं आला. "माणसोळीला चाललास म्हणं? आनी जाणार कशानं? खानापुरास्नं पुढं बस मिळत न्हाय मर्दा. माझा साडू भरमू, खानापुरात टमटम चालवतोय. त्या भागातला दगड अन् दगड त्याला वळखतोय. सांगून ठेवलोय मी." आता सुपरवायझरला न्हाय कसं म्हणायचं? म्हटला व्हय.

गुरुवारी खुद्द धर्मराज सरांचा फोन. "जयभीम. माणसोळीला माझा जुना विद्यार्थी हाय, आण्णाप्पा. देवळांवर वॉचमन हाय सरकारी. गणितात कच्चा होता, खरं माणूस सोनं. किल्ली त्याच्याकडंच असती. तुमी येणार म्हणून कळवलंय." होणाऱ्या सासऱ्याला, तेबी अजून न झालेल्या, कोण न्हाय म्हणतोय? म्हटला व्हय सर, लई बेस झालं सर.

असे एकाचे तीन झाले. आणि ह्यात गंमत अशी की तिघांतल्या एकालाबी पैसे नकोत. पैसे घेणाऱ्या माणसाला "नको" म्हणता येतंय, झालंच तर "जास्त सांगालासा" म्हणून भांडताबी येतंय. फुकटच्या आपल्या माणसाला नको म्हणायची सोय आपल्या भागात कुणी करूनच ठेवलेली न्हाय. तो रुसतोय. तो रुसला की त्याला धाडणारा रुसतोय. आणि मग पुढच्या सगळ्या लग्नात ते जेवायला मागं बसून "आमी काय बाबा, परके" म्हणत ऱ्हात्यात.

प्रशिकनं मनाला सांगितलं, होऊ दे. कुठं तरी एकाला भेटू, दुसऱ्याला चुकवू. तवर आपण कायद्यानं जाऊ. म्हणून शुक्रवारी अर्धी रजा टाकून तो परवानगी काढायला गेला. जुन्या देवळांचं हापिस म्हणालं, जागा जंगलखात्याच्या हद्दीत येती. जंगलवाला म्हणाला, झाडं आमची, देवळं आमची न्हवं. झाडं बघायची असली तर बोला. शेवटी माणसोळीच्या पंचायतीत फोन लावला तर तिथला माणूस मनापासनं चकित झाला. "परवानगी? कशाला ओ? गुरं जात्यात की रोज."

खरं सांगायचं तर एवढ्यावर थांबलं असतं तरी भागलं असतं. खरं प्रशिकची आत्या हाय न्हवं, तानीबाई, जिनं त्याला वाढवलं, तिनं शनिवारी सांजेला पिशवी भरायला काढली.

"तू कुठं चाललीस आत्या?"

"कुठं म्हंजे? पोरीला एकटं घेऊन रानात जाणार? लोक काय म्हणतील? आपुन देवाला जाणारी माणसं न्हवं, दगड बघायला तरी नीट जाऊया."

आत्या येणार म्हटल्यावर बोरगावला कळवायला पायजे. कळवल्यावर धर्मराज सर म्हणाले, "तुमच्याकडनं आक्का येणार म्हटल्यावर आमच्याकडनं कोण तरी आलं न्हाय तर बरं दिसत न्हाय. मी येतो." उपासना मागनं काय तरी म्हणाली. काय म्हणाली ते ऐकू आलं न्हाय, खरं दार आपटल्यागत काय तरी वाजलं. आणि मारुतीरावांनी जाता जाता किलोभर मीठ दिलं. रानात जळवा असत्यात, पायाला लागली की मीठ टाकायचं. आता हिवाळ्यात कुठली जळू? खरं न्हाय कोण म्हणणार? मीठ घेतलं.

रविवारी सकाळी बेळगावच्या स्टँडवर चौघं खानापूरच्या बसमधी चढली. लाल बस ही उपासनाची हौस. खिडकीत ती, तिच्या शेजारी तानीबाई, मागं सर, आणि प्रशिक उभा, मिठाची पिशवी धरून. आता बायकांना तिकीट न्हाय, फक्त कर्नाटकाचं आधार दाखवायचं. कंडक्टर आला. "आधार तोरस्री अज्जी." म्हंजे आज्जी, आधार दाखवा.

पहिला घाव 'अज्जी'चा बसला. तानीबाईनं अजून केस काळे केलेले हाईत आणि कोण आज्जी म्हणालं की तिचा मान दुखावतोय. तरी तिनं आधार काढून दिलं. कंडक्टरनं उलटंसुलटं बघितलं. "हे महाराष्ट्राचं हाय. तिकीट पडतंय."

कारण तानीबाई मूळची कागलची. बेळगावला येऊन लई वर्सं झाली खरं आधार तिनं बदललंच न्हवतं. प्रशिकनं चटकन खिशात हात घातला. "काढतो आत्या तिकीट, किती ते..."

"हात भायेर काढ!" तानीबाई कडाडली. "ह्या बाईला फुकट, त्या बाईला फुकट, ती कोंबडी घेऊन बसलेली तिला फुकट, आनी मी काय परदेशातनं आलेय? जायाचं तर फुकट जायाचं, न्हायतर जायाचंच न्हाय!"

कंडक्टर समजूतदार होता. तो म्हणाला, नियम माझा न्हवं. बसमधली माणसं म्हणाली, आज्जीला सोडा की. 'आज्जी' म्हटल्यावर आत्या आणिकच पेटली. धर्मराज सरांनी उठून आधार, राज्य आणि नागरिक ह्यावर दोन शब्द बोलायला सुरुवात केली. ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. आणि ही चौघं उतरली कुठं, तर मच्छेत. प्रशिकच्या कारखान्यासमोर. सुट्टीच्या दिवशी. वॉचमननं गेट उघडून सलाम ठोकला. "आज ओव्हरटाइम व्हय साहेब? घरच्यांना घेऊन?"

उपासना रस्त्याकडंला उभी राहून आभाळाकडं बघायलालती. ती हसत होती का चिडली होती ते प्रशिकला कळंना. त्यानं घाबऱ्याघुबऱ्या भरमूला फोन केला आणि भरमू खानापुरास्नं टमटम घेऊन आला. हॉर्नच्या जागी त्यानं रडणाऱ्या बाळाचा आवाज बसवून घेतलेला. त्यामुळं वाटेत म्हशीसुद्धा काळजीनं मागं वळून बघायच्या.

"पावणं, बसा निवांत," भरमू म्हणाला. "माझ्या हातात गाडी हाय म्हंजे तुमी देवळात हाय."

देवळात कुठलं, त्यांना त्यानं आधी स्वतःच्या घरात न्हेलं. वाटेवरच हाय म्हणाला. वाटेवर न्हवतं. घरात बायकोनं चूल पेटवूनच ठेवलीती. पोहे, लाडू, चहा. "एवढा उशीर झाला, आता निघतो" म्हटल्यावर भरमूचं तोंड असं झालं की प्रशिकनं आपणहून दुसरा लाडू उचलला. सरांनी लाडू खाताना एकदा घड्याळाकडं बघितलं आणि एकदा प्रशिककडं. ह्या दोन्हीत जे अंतर होतं त्यात इचलकरंजीचं पावणं बसलेलं दिसायलालतं त्याला.

तितनं निघाले तर माणसोळीच्या वेशीत रवळू उभा. एका हातात काठी, एका हातात नारळ, डोक्याला नवा फेटा. टमटम थांबली, रवळू वाकून आत बघतोय तर ड्रायव्हरच्या सीटवर भरमू.

"हा कोण?" रवळू म्हणाला.

"मी ह्यांचा माणूस," भरमू म्हणाला. "तू कोण?"

"मी ह्यांचा माणूस!"

दोघांनी एकदम प्रशिककडं बघितलं. प्रशिकनं एकदम मिठाच्या पिशवीकडं बघितलं. दुसरी बायको लपवलेल्या माणसाचीसुद्धा एवढी पंचाईत होत नसंल.

"दोघंबी आपलीच," तानीबाई म्हणाली. तिला काय, बसायला जागा मिळाली होती. "बस रं बाबा तूबी."

रवळू भरमूच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसला आणि पुढची वाट ह्या दोघांनी मिळून चालवली म्हणायला हरकत न्हाय. एक म्हणतोय उजवीकडनं, दुसरा म्हणतोय उजवीकडं वढा हाय. एक म्हणतोय ही देवळं पांडवांनी एका रात्रीत बांधली, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला. दुसरा म्हणतोय पांडव कुठलं, कदंब राजानं बांधली, माझ्या आज्यानं सांगितलंय. "तुझा आज्जा होता काय तवा?" "मग तुझा कोंबडा होता काय?" आणि मधनंच बाळ रडायचं. धर्मराज सर शिक्षकाच्या सवयीनं दोघांनाबी "हळू, एकेकानं" सांगत होते. उपासनानं खिडकीबाहेर तोंड केलं ते केलंच.

मग अर्थात रवळूचं घर आलं. भरमूकडं खाल्लं म्हटल्यावर रवळूकडं जेवायला न्हाय म्हणता येतंय? भरमूच्या लाडवापेक्षा रवळूचं काय कमी हाय काय? नाचण्याच्या भाकरी, कोंबडीचा रस्सा, भात. प्रशिकच्या ताटात रवळू स्वतः वाढायला उभा. हा दोन हातांनी ताट झाकायचा, तो बोटांच्या फटीतनं वाढायचा. जेवल्यावर बसल्या जागी धर्मराज सरांचा डोळा लागला आणि त्यांना उठवायचं धाडस कुणाला होईना. हेडमास्तरला झोपेतनं उठवायचा अनुभव आपल्यापैकी कुणालाच नसतोय.

ह्या सगळ्यात प्रशिकची आणि उपासनाची बोलणी किती झाली म्हणता? एक. ती म्हणाली, "मीठ कशाला आणलासा?" आणि तो म्हणाला, "जळवा." बास. दिवस डोक्यावरनं कलायला लागला होता आणि पोरीचं उत्तर यायला जेमतेम दुपार उरली होती.

शेवटी पोचले एकदाचे. माणसोळीची देवळं म्हंजे गावाच्या मागं, झाडीत, काळ्या दगडांचा पसारा. पुढं सरकारी गेट. गेटला कुलूप. आणि आण्णाप्पा? तितं एक शेळ्या राखणारी म्हातारी होती, ती म्हणाली, "सकाळधरनं उभा होता बिचारा, नवा सदरा घालून. गुरुजींचे पावणे येणार म्हणून. मग कोण तरी सांगत आलं की पावणे रवळ्याच्या घरात जेवायलेत. झालं, कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन घरी गेला. रुसलाय तो."

गेटला कुलूप होतं, खरं गेटच्या दोन्ही बाजूचं कुंपण कधीच पडलं होतं. गेट एकटंच उभं. शेळ्या डाव्या बाजूनं आत जायच्या आणि उजव्या बाजूनं भायेर यायच्या. प्रशिक म्हणाला, "सर, ह्या बाजूनं जाऊया की."

धर्मराज सरांनी चष्मा काढला. "गेट असताना कुंपणातनं? आनी माझ्याच विद्यार्थ्याचं कुलूप?" चष्मा पुसला. प्रशिकचे हात आपोआप पुढं आले.

मग गेटसमोर सभा भरली. रवळू म्हणतोय आण्णाप्पा पहिल्यापासनं असलाच. भरमू म्हणतोय तुझ्या जेवणामुळं झालं सगळं. रवळू म्हणतोय तुझे लाडू काय उपवासाचे होते काय? तानीबाई म्हणतेय रुसलेल्या माणसाला आपुन जाऊन आणायला पायजे, रीत हाय ती. सरांना पटलं. सगळं लटांबर आण्णाप्पाला मनवायला गावाकडं वळलं, वाद घालत, हात हलवत. आणि त्या गडबडीत ह्या दोघांना बोलवायचं कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय.

उपासनानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि शेळीच्या मागनं डाव्या बाजूनं आत गेली. प्रशिक तिच्या मागनं.

हाच तो क्षण! प्रशिकनं मिठाची पिशवी काखेत मारली, घसा साफ केला. आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ लावून भाषण पाठ केलं होतं त्यानं, अगदी पुस्तकी मराठीत. "आपल्यासमोर जो भव्य सभामंडप दिसतो, त्याचे बारा नक्षीदार खांब पाहून आपण थक्क होतो."

उपासनानं बघितलं. खांब तीन होते. चौथा आडवा पडला होता, त्यावर शेळी.

काय झालं होतं, तर पाठ करता करता एक व्हिडिओ संपून आपोआप दुसराच सुरू झालता. अर्धं भाषण माणसोळीचं आणि अर्धं कुठल्या भलत्याच देवळाचं. हे त्याला आत्ता, तीन खांबांसमोर कळालं.

"बाकीचे खांब?" उपासना म्हणाली.

"दुरुस्तीला गेलेत."

"खांब?"

"व्हय. सरकारनं न्हेलेत."

"आनी छप्पर?"

"ते... खांबाबरोबर गेलं."

उपासना त्या आडव्या खांबावर शेळीशेजारी बसली आणि पोट धरून हसली. एवढी हसली की शेळी उठून गेली. मग डोळं पुसत म्हणाली, "एक विचारू? खरं सांगा. तुमाला असली देवळं बघायची हौस हाय?"

"व्ह..." सवयीनं आलंच तोंडात. खरं बोलता बोलता त्याचा सगळा जीवच निघून गेला. पोट भरलेलं, डोकं फिरलेलं, भाषण संपलेलं. "न्हाय," तो म्हणाला. "मला दगडातलं काय कळत न्हाय. बोल्टातलं कळतंय. आनी ह्या अशा अंधाऱ्या गाभाऱ्यात वटवाघळं असत्यात, त्यांचं मला भ्या वाटतंय."

"मलाबी हौस न्हाय."

"आँ? मग हितं कशाला?"

"निपाणीत कुठं बसलं की बाबांचा विद्यार्थी येतोय. 'ताई, सर कसे हाईत?' बेळगावात बँकेची गिऱ्हाइकं. मला एक तास निवांत बोलायचं होतं हो, फक्त एक तास. जितं आपलं एकबी माणूस न्हाय असली जागा शोधून काढली मी. शोधून! आनी तुमी फोनवर काय म्हणालासा? तितं आपला माणूस हाय." ती जरा थांबली. "वरात आणलासा तुमी."

आठवडाभर केलेली सगळी खटपट, तिन्ही माणसं, रजा, मीठ, सगळं त्याच्या डोळ्यासमोर एका वळीत उभं राहिलं आणि त्याला हसायला लागलं. तो म्हणाला, "मग आता बोलूया? मला एक..."

कुलूप वाजलं. सगळी आली. पुढं आण्णाप्पा, नवा सदरा, हातात किल्ली, डोळं अजून लाल. मागं सर, तानीबाई, रवळू, भरमू. आण्णाप्पानं अगदी मानानं कुलूप काढलं, दोन्ही दारं उघडली, आणि "या गुरुजी" म्हणून हात केला, तर आत ही दोघं उभी.

"तुमी आत कसं?" सर म्हणाले.

उत्तर द्यायला वेळच मिळाला न्हाय. आण्णाप्पा म्हणाला, आता मी दाखवणार, सरकारी माणूस मी हाय. रवळू म्हणाला, मी ल्हानाचा मोठा हितं झालोय. भरमू म्हणाला, पांडवांचं आधी सांगू दे. तिघांनी प्रशिकचे दोन हात धरले, म्हंजे एकाला दंड मिळाला, एकाला मनगट, आणि तिसऱ्याला मिठाची पिशवी. तिघं तीन दिशेला ओढायला लागले.

"न्हाय!"

कोण बोललं ते आधी कुणाला कळालं न्हाय. प्रशिकलाबी न्हाय.

"न्हाय," तो परत म्हणाला, जरा हळू. "कुणीबी काय दाखवायचं न्हाय. रवळू मामा, तुमी न्हाय. भरमू अण्णा, तुमीबी न्हाय. आण्णाप्पा, किल्ली तुमचीच, मान तुमचाच, खरं आत्ता न्हाय. सर, माफ करा. आमाला दोघांना अर्धा तास हितं बसून बोलायचं हाय. तुमी सगळी जावा."

रवळूनं फेटा काढला. भरमू म्हणाला, "म्हंजे आमी परके." आण्णाप्पाचं तोंड परत रुसायला लागलं. तानीबाईनं पदर डोळ्याला लावला, तिला वाटलं गेलं हे स्थळ, पोरानं स्वतःच्या हातानं घालवलं. आणि धर्मराज सरांनी चष्मा काढला, खरं ह्या वेळी पुसायचं विसरून तसाच हातात धरला आणि गेटातनं भायेर चालते झाले. बाकीची त्यांच्या मागनं.

पुढच्या अर्ध्या तासात ती दोघं काय बोलली ते विचारू नका. आमी सगळ्यांनी लई खोदून बघितलंय, सांगत न्हाईत.

दिवस कलला तशी दोघं पाऊलवाटेनं आण्णाप्पाच्या घराकडं निघाली. प्रशिकनं तिला "मग कसं?" हा प्रश्न विचारला न्हाय. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. एवढ्या सगळ्यांना न्हाय म्हणून बसल्यावर आता आपल्याला कोण न्हाय म्हणालं तर? अंगणात गेले तर कट्ट्यावर तिन्ही आपली माणसं एका वळीत बसलेली, सकाळधरनं पहिल्यांदाच एकमेकाशी गोडीत, कारण आता तिघांचा राग एकाच माणसावर होता. सर खुर्चीत. तानीबाई खांबाला टेकून. कुणीबी वर बघितलं न्हाय. मावळतीला आभाळ तांबडं झालं होतं, आणि सरांची नजर नेमकी तिकडं लागली होती.

घरातनं आण्णाप्पाची आई जयाबाई आली. हातात ताटं, त्यात उकडलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा. देवळात काय झालं ते तिला काय म्हाईत? तिनं उंबऱ्यातनं उपासनाकडं बघितलं आणि आपल्यात बायका कुठल्याबी अनोळखी पोरीला विचारत्यात तेच विचारलं.

"कुणाची गं तू?"

आता ह्याचं उत्तर ठरलेलं असतंय. बापाचं नाव सांगायचं, गाव सांगायचं. धर्मराज सरांनी सांगायला तोंड उघडलंसुद्धा. "माझी..."

"ह्यांची," उपासना म्हणाली. आणि हात केला प्रशिककडं.

कट्ट्यावरच्या तिघांच्या माना एकदम वर झाल्या. तानीबाईचा पदर डोळ्यावरनं खाली पडला. सरांचं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यांनी सावकाश चष्मा डोळ्याला लावला आणि लेकीकडं नीट बघितलं, आणि मिशीतल्या मिशीत काय तरी हललं.

जयाबाईला त्यातलं काय कळालं न्हाय. "मग अशी लांब का उभी?" ती म्हणाली. "बस की त्याच्याजवळ. आनी तू रं, खातोस न्हवं?"

प्रशिकच्या पोटात दाणाभर जागा न्हवती. तरी त्यानं ताट पुढं केलं.